भाडं भरणारी कोळंबी: आमची वाटचाल

आमच्या दुकानाचं भाडं गेली आठ-नऊ वर्षं कोळंबी भरते आहे. खायची नव्हे, बघायची. हे वाक्य मी पहिल्यांदा बँकेत कर्जाच्या अर्जासोबत तोंडी सांगितलं, तेव्हा समोरच्या साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं होतं.

दुकान मुळात सासऱ्यांचं. पुण्यात, पेठेतल्या एका वाड्याच्या रस्त्याकडच्या खोलीत बाबा गप्पी, फायटर, गोल्डफिश विकत. मग वास्तुशास्त्रवाल्यांची लाट आली. अरोवाना आणि डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न घ्यायला लोक गाडीतून उतरू लागले. आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश द्या, काळा मेला तर पीडा गेली म्हणायचं! बाबा गंभीर चेहऱ्याने नऊ मोजून द्यायचे आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायचे, “पीडा कसली जाते, एवढ्याशा टाकीत नऊ मासे कोंबल्यावर काळाच काय, सगळेच जाणार.”

मी तेव्हा एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचे आणि संध्याकाळी दुकानात हिशेब लिहायचे. 2013 साली नोकरी सोडली आणि बाबांना म्हटलं, एक टाकी खाऱ्या पाण्याची लावू या. ते म्हणाले, “अगं, समुद्र कुठे, पुणं कुठे? आणि गुरुवारी तर गोडंच पाणी येत नाही.”

त्यांचं खरं होतं. पण खारं पाणी समुद्रातून आणायचं नसतं, बनवायचं असतं. आरओचं पाणी, त्यात मापून मीठ (जेवणातलं नव्हे, रीफसाठी म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठी मिळतं ते), रात्रभर पंप लावून ढवळायचं आणि घनता 1.025 आली की झाला समुद्र तयार. गुरुवारची सोय म्हणून बुधवारी रात्री पिंप भरून ठेवायची सवय तेव्हापासून लागली. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्याने अजून दुकानाची फरशी पुसली जाते.

पहिली टाकी होती नव्वद लिटरची. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मावते तेवढी. पण एवढ्या पाण्यात मासे बसणार किती? दोन क्लाउनफिश आणि फार तर एखादा गोबी. त्याहून जास्त टाकले की नायट्रेट चढतं, शेवाळ येतं, महिन्याभरात गिऱ्हाईक कंटाळतं आणि टाकी गच्चीत जाते. कोळंबी मात्र कमी घाण करते, उरलंसुरलं खाते आणि दिवसभर काहीतरी उद्योग करत असते. लहान टाकीला जिवंतपणा हवा असेल तर कोळंबीला पर्याय नाही, हे मला पहिल्या सहा महिन्यांत कळलं. बाकीचं कळायला बरेच पैसे बुडावे लागले.

सासूबाई मूळच्या गुहागरकडच्या. पहिली क्लीनर कोळंबी दुकानात आली तेव्हा त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “एका कोळंबीचे? एवढ्यात वर्षाचे सोडे येतील.”

ही क्लीनर म्हणजे लायस्माटा अँबॉइनेन्सिस. पाठीवर तांबडा पट्टा, त्याच्या मधोमध पांढरी रेघ, आणि लांबलचक पांढऱ्या मिशा. पाच-सहा सेंटीमीटरची. ती खडकाच्या कडेला उभी राहून मिशा हलवते, मासे रांगेने येतात आणि ही त्यांच्या अंगावरचे परजीवी, मेलेली कातडी टिपते. काही मासे तर तिच्यासाठी तोंड उघडतात. आणलेल्या दिवसापासून ती गिऱ्हाइकांची लाडकी झाली.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी शटर उघडलं तर वाळूवर कोळंबी आडवी, पांढरट, पाय वर. मी तिला चिमट्याने काढून कागदावर ठेवलं आणि बाबांना फोन केला. ते आले, त्यांनी ती बोटात धरली आणि फुंकर मारली. ती उडाली. आत काहीच नव्हतं. खरी बाई खडकामागे लपून बसली होती. कोळंबीने कात टाकली होती. मिशांच्या टोकापर्यंत अख्खं कवच एका तुकड्यात उतरतं, आणि नवं कवच कडक होईपर्यंत ती बाहेर येत नाही, कारण तेव्हा तिला कुणीही खाऊ शकतं. आजही महिन्यातून दोन-तीन फोन येतात: “मॅडम, कोळंबी गेली हो!” मी विचारते, फुंकर मारून पाहिलीत का?

2016 साली मात्र खरोखर गेल्या. दुकानातल्या एका टँग माशाला पांढरे ठिपके आले. मदतीला ठेवलेल्या मुलाने औषध घातलं, नियमाप्रमाणे वेगळ्या टाकीत. त्या औषधात तांबं होतं. माशाला ते सोसतं. पण त्याच बादलीने, त्याच जाळीने त्याने पुढच्या टाकीचं पाणी बदललं. दुपारपर्यंत बावीस कोळंबी मेल्या. गंमत बघा, कोळंबीच्या रक्तात लोखंडाऐवजी तांबंच असतं. आपल्या हिमोग्लोबिनचं काम तिच्याकडे हिमोसायनिन करतं आणि म्हणून तिचं रक्त निळसर दिसतं. जे तिला जगवतं, तेच पाण्यात जरा जास्त झालं की मारतं. त्या मुलाला मी रागावले नाही, चूक माझी होती. बादल्या वेगळ्या ठेवा असं सांगितलं होतं, पण बादल्या एकाच रंगाच्या होत्या. आता औषधाची बादली लाल, रीफची निळी, आणि लाल बादली मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर येत नाही.

पण आमचं दुकान ज्या प्रसंगाने बदललं तो वेगळाच. सिंहगड रस्त्यावरचे एक निवृत्त शिक्षक, आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या टाकीत ऐप्टेशिया झालं होतं. हे छोटं तपकिरी अ‍ॅनिमोन, खडकाला चिकटून फुलासारखा दिसणारा प्राणी, म्हणजे रीफवाल्यांचं गाजरगवत. उपटलं तर राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतं आणि शेजारच्या प्रवाळाला डंख मारतं. त्यावर उपाय म्हणून पेपरमिंट कोळंबी देतात. चेन्नईच्या एका व्यापाऱ्याकडून ‘पेपरमिंट’ लिहिलेला बॉक्स आला, मी त्यातल्या चार सरांना दिल्या. दहा दिवसांनी सर आले. चिडले नव्हते, ते जास्त वाईट. म्हणाले, “ऐप्टेशिया आहे तिथेच आहे. झोअँथिड संपले.” झोअँथिड म्हणजे त्यांच्या टाकीतले मऊ प्रवाळ.

मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. त्या पेपरमिंट नव्हत्याच. त्या होत्या कॅमल, म्हणजे उंट कोळंबी, ऱ्हिंकोसिनेटिस. बॉक्सवरच्या नावावर मी विश्वास ठेवला होता. फरक कळल्यावर वाटतं, हे दिसलं कसं नाही? कॅमलच्या पाठीला ठळक कुबड असतं, डोळे मोठे असतात, अंगावर लाल-पांढऱ्या रेघांचं ठसठशीत जाळं आणि मध्ये पांढरे ठिपके असतात, आणि डोळ्यांमधली ती टोकदार सोंड वरखाली हलते. पेपरमिंट फिकट, जवळजवळ पारदर्शक असते, तिच्यावर लालसर बारीक रेघा लांबीने जातात आणि सोंड हलत नाही. एक ऐप्टेशिया खाते, दुसरी मऊ प्रवाळ खाते. आणि कॅमल दिसायला जास्त देखणी असल्याने दुकानदाराचा हात तिच्याकडेच जातो.

सरांचे पैसे परत केले, झोअँथिडचे तुकडे दिले, आणि त्या चारही कॅमल परत आणल्या. त्यातली एक बरीच वर्षं दुकानात मासेच असलेल्या टाकीत मजेत जगली. तेव्हापासून बॉक्स उघडला की प्रत्येक कोळंबी भिंगाखाली जाते. बॉक्सवरचं नाव आम्ही वाचतो, मानत नाही.

आणि खरी पेपरमिंट दिली तरी मी छातीठोक काही सांगत नाही. ती लहान ऐप्टेशिया खाते, मोठ्याच्या वाटेला सहसा जात नाही, रात्री काम करते, आणि तुम्ही तिला पोटभर खाद्याच्या गोळ्या घातल्यात तर ती कशाला कष्ट करेल? पहिले पंधरा दिवस हात आखडा, एवढंच सांगते.

पुढे पुढे आमच्याकडे प्रश्न येऊ लागला तो असा: लहान टाकी आहे, कोणती घेऊ? मी आधी उलट विचारते, टाकीत आधीपासून काय आहे? निम्मी विक्री इथेच रद्द होते. हॉकफिश असेल तर कोळंबी म्हणजे त्याचं जेवण. लिटर किती, प्रवाळ कुठलं, घरी चिलर (पाणी गार करणारं यंत्र) आहे की पंखा, हे नंतर. पुण्याच्या एप्रिलमध्ये नुसत्या पंख्यावर टाकी चालवणारे पाणी उडालं की खाऱ्या पाण्याने भरतात. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. वरून अजून मीठ. कोळंबीला हळूहळू झालेला बदल सोसतो, अचानक झालेला नाही. म्हणून नवी कोळंबी घरी नेल्यावर ठिबकने, शेतात लावतात तसंच, दीड-दोन तास थेंबथेंब टाकीचं पाणी पिशवीतल्या पाण्यात सोडायला सांगते.

नवख्याला मी क्लीनरच देते. दोष एकच: चोर आहे. प्रवाळाला भरवायला घास ठेवलात की ती येऊन त्याच्या तोंडातून काढून नेते. तिची बहीण फायर कोळंबी, लायस्माटा डेबेलियस, रक्तासारखी लाल आणि वर पांढरे ठिपके, दिसायला सगळ्यात सुंदर. पण लाजाळू. दिवसा गुहेत, रात्री बाहेर. एवढे पैसे देऊन तुम्हाला दिसणार फक्त मिशा. काहींना तेवढंही पुरतं, त्यांनी घ्यावी.

कोरल बँडेड, स्टेनोपस हिस्पिडस, लाल-पांढरे पट्टे आणि मोठ्या नांग्या, लहान मुलं हीच मागतात. नव्वद लिटरमध्ये हिच्याबरोबर दुसरी कुठली कोळंबी ठेवायची नाही. दोन अनोळखी बँडेड एकत्र सोडल्या तर एक उरते. जमलेली जोडी असेल तर मात्र वर्षानुवर्षं सोबत राहते.

हार्लेक्विन कोळंबी आम्ही जवळपास विकतच नाही. निळसर ठिपक्यांची, पानांसारख्या नांग्यांची, फोटोत बघून लोक वेडे होतात. पण ती फक्त तारामासे खाते. दुसरं काही नाही. जोडीने तारामाशाला उलटा पाडायचं आणि हाताच्या टोकापासून खायला सुरुवात करायची. महिन्याला तारामासे पुरवणार का, असं विचारलं की बहुतेक जण सेक्सी कोळंबीकडे वळतात.

हो, तेच नाव आहे. थोर अँबॉइनेन्सिस. बाबा गिऱ्हाइकासमोर तिला “ती नाचरी” म्हणतात. जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरची, शेपूट वर करून सतत ठुमकत असते. एकटी बुजते, चार-पाच असाव्यात. चाळीस लिटरच्या टाकीसाठी माझ्या मते हिच्यासारखी दुसरी नाही. एखादीला झोअँथिड कुरतडायची सवय लागते, तेवढं लक्ष ठेवावं.

आणि मग पिस्तूल. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची अल्फियस रँडली बीळ खणते, आणि वॉचमन गोबी दारात पहारा देतो. कोळंबीला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर आली की तिची एक मिशी कायम माशाच्या अंगाला टेकलेली. माशाने शेपूट थरथरवली की दोघं आत. तिची एक नांगी एवढ्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज नांगीचा नाही, फुटणाऱ्या बुडबुड्याचा, हे 2000 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. औंधमधल्या एका बाईंनी रात्री दोन वाजता फोन केला, टाकीची काच तडकते आहे म्हणून. तेव्हापासून विकतानाच आवाजाची कल्पना देते. आणि हेही सांगते, की दगड आधी तळाच्या काचेवर बसवा, वाळू नंतर टाका, नाहीतर ही खालून पोखरेल आणि दगड हिच्याच डोक्यावर येतील.

कोकणात जाणारी माणसं मालवणहून जिवंत दगड (सूक्ष्म जीव वसलेला प्रवाळाचा खडक), समुद्रघोडा आणून देऊ का, असं विचारतात. खडकाळ प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघाच्या रांगेत. आम्ही कोरडा दगड वापरतो, तो तीन-चार महिन्यांत आपोआप जिवंत होतो.

2020 च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. 25 मार्चला देशांतर्गत प्रवासी विमानं बंद झाली ती थेट 25 मेपर्यंत. माल नाही, गिऱ्हाईक नाही, पण पंप बंद करता येत नव्हते. पोलिसांकडून पास काढून मी रोज दुकानात जायचे. त्या दोन महिन्यांत दोन क्लीनर सारख्या अंडी धरत होत्या. त्यांच्यात नर-मादी शोधावी लागत नाही. मोठ्या झालेल्या कुठल्याही दोघींची जोडी जमते, कारण प्रत्येकीत दोन्ही असतं. पिल्लं निघायची, दिव्याखाली धुरळ्यासारखी जमायची, आणि दोन-तीन आठवड्यांत संपायची. क्लीनरचं पिल्लूपण अनेक महिने चालतं, तेवढं टिकवणं आमच्या मागच्या खोलीत जमलं नाही. नाचरीच्या बाबतीत नशीब बरं निघालं, अकरा मोठ्या झाल्या. त्या विकल्या नाहीत.

त्यानंतर वाचलं, की लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिथल्या बायकांना शोभेची कोळंबी वाढवायला शिकवलं आहे, आणि त्यातली एक जात आमच्या नाचरीचीच चुलत बहीण आहे. आता दुकानात येणारा माल वाढवलेला की समुद्रातून पकडलेला, हे मी प्रत्येक व्यापाऱ्याला विचारते. उत्तर दर वेळी मिळतंच असं नाही.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. गल्ल्यावर बसत नाहीत, पण रोज पाच वाजता येतात. हात कोपरापर्यंत साध्या पाण्याने धुतात, साबण नाही, आणि पुढच्या टाकीत बोटं सोडून बसतात. क्लीनर येते, नखांच्या कडा टिपायला लागते. परवा सासूबाई बरोबर होत्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हिला आता किती पडतात गं?”

मी सांगितलं.

“वाढले,” त्या म्हणाल्या, आणि बाही वर केली.