विथवर एवढा राग का, असे तुम्ही विचारलेत म्हणून

माझ्याकडे डेल्फी या प्रोग्रामिंग भाषेत काम करायला आलेला प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हाच प्रश्न विचारतो: भाषेनेच दिलेला विथ तुम्ही आमच्या कोडमधून का खोडता? (विथ म्हणजे एखाद्या वस्तूचे नाव एकदाच लिहून पुढे तिच्या आतली नावे नुसती वापरू देणारा शब्द.) पूर्वी दादरच्या आमच्या दोन खोल्यांच्या कचेरीत मी ‘नियम आहे’ एवढे म्हणून विषय मिटवत असे. नंतर काही वर्षे मी एक हकीकत सांगू लागलो, आणि ती पुरती खरी नव्हती. म्हणून आता एकदाच नीट लिहितो.

1995 साली डेल्फी आली तेव्हा तिच्या आधीच्या टर्बो पास्कलवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना विथ घरचाच होता. निक्लाउस विर्त यांच्या मूळ पास्कलमध्ये तो शोभतही होता, कारण तिथल्या रेकॉर्डमध्ये, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यात, आपणच लिहिलेली पाच-सात फील्ड्स (रकाने) असत आणि ती डोळ्यांसमोर असत. डेल्फीतल्या फॉर्मच्या (पडद्यावरच्या खिडकीच्या) किंवा क्वेरीच्या (डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या वस्तूच्या) पोटात मात्र पूर्वज क्लासकडून आलेली नावे खच्चून भरलेली असतात, आणि विथच्या आतले प्रत्येक नाव कम्पायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, आधी त्या वस्तूत शोधतो. तिथे सापडले नाही तरच तो बाहेर पाहतो. त्यामुळे फॉर्म बंद करण्यासाठी लिहिलेल्या क्लोज या आज्ञेने क्वेरी बंद होते आणि फॉर्म तसाच उघडा राहतो. विर्त यांनीही पुढे ओबेरॉन या आपल्या नंतरच्या भाषेत हा जुना अर्थ ठेवला नाही. यातले बरेचसे मला 2006 पूर्वीही ठाऊक होते. तरीही मी विथ वापरत होतो, आणि एकाच ओळीत दोन-दोन वस्तू घालून वापरत होतो, कारण त्यामुळे कोड आटोपशीर दिसे आणि तो आटोपशीर दिसतो असे लोक म्हणत.

गिरगावातल्या एका पतपेढीचे सॉफ्टवेअर आमच्याकडे होते. कर्जाच्या सहामाही व्याजाची आकारणी करणारी प्रोसीजर (कोडचा नाव दिलेला तुकडा) मी 2003 मध्ये लिहिली होती, तीही एका बटणावर क्लिक केल्यावर चालणाऱ्या कोडमध्येच. तिच्यात रेट नावाचे एक लोकल व्हेरिएबल, म्हणजे त्या प्रोसीजरपुरतीच किंमत ठेवायची जागा, होते. त्यात त्या तारखेला लागू असलेला व्याजदर मी तक्त्यातून काढून ठेवत असे, आणि पुढे कर्जखात्याच्या वस्तूवर विथ लावून बाकी, दिवस आणि रेट यांचा गुणाकार करत असे. तीन वर्षे ती बिनचूक चालली. 2005 च्या ऑक्टोबरात पतपेढीने दर 14 वरून 12.5 टक्के केला. पुढच्या फेब्रुवारीत आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या एका मुलाने, कर्जमंजुरीच्या वेळचा दर एका अहवालात छापायचा म्हणून, कर्जखात्याच्या क्लासमध्ये (त्या वस्तूच्या आराखड्यात) एक प्रॉपर्टी, म्हणजे नाव दिलेली माहिती, घातली आणि तिला रेट हेच नाव दिले. माझ्या प्रोसीजरला त्याने हातही लावला नव्हता. पण त्या दिवसापासून माझ्या विथच्या आतला रेट हा माझा राहिला नाही, खात्याचा झाला.

मार्चअखेरीस आकारणी झाली, रोजकीर्द आणि खतावणी जुळली, तेरीजही (ट्रायल बॅलन्स) जुळली; ती जुळणारच होती, कारण चुकीची रक्कम दोन्ही बाजूंना सारखीच चुकीची होती. चूक सापडली ती एका निवृत्त शिक्षकांना. साठ हजारांच्या बाकीवर सहामाहीला साडेचारशे रुपये जास्त लागले होते, आणि त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडून आणला होता. काउंटरपाशी उभे राहून ते मला शांतपणे म्हणाले, “दर उतरला, हे तुमच्या मशीनला कोणी सांगितलं नाही का हो?” मी आधी त्यांनाच दिवस कसे मोजायचे ते समजावू लागलो. मग मला राउंड या जवळची पूर्ण संख्या देणाऱ्या फंक्शनचा संशय आला, कारण डेल्फीचा राउंड नेमक्या अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो आणि ते पुष्कळांना ठाऊक नसते. पण त्याने एखाद्या पैशाचा फरक पडतो, साडेचारशे रुपयांचा नाही. रात्री कचेरीत डिबगर (चालता कोड थांबवून आतल्या किमती दाखवणारे साधन) लावला आणि रेटवर माउस नेला, तर तिथे 12.5 दिसत होते. डिबगर विथ जुमानत नाही. तो मला माझे लोकल व्हेरिएबल दाखवत होता आणि आकारणी 14 ने होत होती. पहाटेपर्यंत मी त्या ओळीकडे पाहत होतो.

तीनशे बारा खात्यांच्या नोंदी उलटवाव्या लागल्या. पतपेढीच्या व्यवस्थापकांसमोर मी त्या मुलाचे नाव घेतले. ‘आमच्या नवीन मुलाने एक बदल केला,’ हे माझे वाक्य होते, आणि ते शब्दशः खरे होते. तो मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. दिवाळीपूर्वी त्याने नोकरी सोडली.

पुढे मी ही हकीकत सांगताना हमखास म्हणत असे की कम्पायलरने चकार शब्द काढला नाही. हे खोटे आहे. रेटला दिलेली किंमत कुठेच वापरली जात नाही, अशी हिंट (सूचना) त्याने दिली होती. जुने बिल्ड पुन्हा चालवले तेव्हा ती मला दिसली. आमच्या प्रकल्पात अशा दोनशेच्या वर हिंट्स साचलेल्या होत्या आणि त्या साचू देणारा मीच होतो.

तेव्हाचा मी आज समोर येऊन बसला तर वाद घालेल, आणि त्याचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. तो म्हणेल, विथला कशाला बोल लावतोस, लोकल व्हेरिएबलच्या नावाआधी एल आणि फील्डच्या नावाआधी एफ लावण्याची शिस्त पाळली असतीस, तर दोन रेट एकमेकांसमोर आलेच नसते. बरोबर आहे. आकारणी बटणाच्या क्लिकमध्ये न लिहिता वेगळ्या युनिटमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या फाइलमध्ये, लिहिली असती, तर दहा खात्यांवर ती एकटी चालवून पाहता आली असती. तेही बरोबर आहे. मग मी विथवरच का अडून बसतो? कदाचित, इतर दोन्ही गोष्टी रोज पाळाव्या लागतात आणि विथ एकदाच खोडावा लागतो, म्हणून. शिवाय डेल्फीच्या 2018 च्या 10.3 आवृत्तीपासून व्हेरिएबल हवे तिथे जाहीर करता येते. लांबलचक नावाला जागच्या जागी एक छोटे नाव देता येते आणि टंकलेखन वाचते ही जुनी सबबही उरत नाही. तरी कदाचित यातले काहीच नसेल आणि मला फक्त त्या शब्दाचा राग येत असेल.

यावर तुम्ही विचारता की तुमच्याच जुन्या युनिटमध्ये चौतीस विथ अजून का आहेत. गेल्या मार्चनंतर मी ते काढायला बसलो होतो. तीन सरळ निघाले. चौथा दंडव्याजाच्या प्रोसीजरमध्ये होता आणि त्याच्या आत ड्यूडेट (देय तारीख) हे नाव होते, जे कर्जखात्यातही आहे आणि फॉर्मवरही आहे. आज कम्पायलर खात्यावरची तारीख घेतो. फॉर्मवरची घेतली तर दोन खात्यांचे दंडव्याज बदलते. खात्यातले ते नाव आधी आले की माझी प्रोसीजर, हे सांगणारी नोंद आमच्याकडे नाही, आणि 2003 मध्ये मला कोणती तारीख अभिप्रेत होती ते मला आठवत नाही. तो विथ मी होता तसा परत ठेवला आहे आणि वर एक टिप्पणी लिहिली आहे.