तळव्यावरचा डाग

मावशी आल्या तेव्हा पाचवा दिवस होता. एसटीतून उतरताना शेवटची पायरी चुकली, पंजा वाकला आणि अंगाचा सगळा भार त्यावर आला. एका दवाखान्यात एक्स-रे काढून ‘हाड शाबूत आहे, मुरगळलाय’ म्हणून घरी पाठवलं होतं. सुनेने आंबेहळदीचा लेप लावलेला.

लेप पुसून तळवा बघितला. मधोमध जांभळा डाग. साध्या मुरगळण्यात रक्त घोट्याच्या बाजूला उतरतं. तळव्याच्या कमानीत डाग दिसला की मला लिसफ्रँकचा सांधा आठवतो, म्हणजे बोटांची लांब हाडं पायाच्या मधल्या हाडांना जिथे मिळतात ती जागा. लिसफ्रँक नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन. तो या सांध्यातून पंजा कापायचा, आम्ही तोच सांधा जोडत बसतो.

जुना एक्स-रे झोपवून काढलेला. म्हटलं, “मावशी, मिनिटभर दोन्ही पायांवर उभं राहावं लागेल.”

“उभी राहता आलं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते, डॉक्टर?”

तरी सुनेचा खांदा धरून राहिल्या. फिल्मवर दुसऱ्या बोटाचं लांब हाड मुळाशी सरकलेलं, 4 मिमी फट, आणि फटीत तांदळाच्या कणीएवढा तुकडा. अस्थिबंध तुटताना त्याने तो उपटून आणला होता.

लगेच चिरायची सोय नव्हती. सुजलेली कातडी टाके धरत नाही. पाय उंच ठेवून, सुरकुत्या दिसू लागल्यावर बाराव्या दिवशी घेतलं. पायाच्या पाठीवर जी नाडी आपण बोटाने बघतो, ती आणि तिच्या शेजारची नस बाजूला धरून आत गेलो. हाड आपल्या खाचेत बसेचना. चुरा साफ केला, क्लॅम्पने दाबलं, तार घातली. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, समोरून झकास. आडवं बघितलं तर हाड केसभर वर उचललेलं. सहायक माझ्याकडे बघत होता, मी घड्याळाकडे. तार काढली, पुन्हा बसवलं, मग स्क्रू. चौथ्या-पाचव्या बोटांचे सांधेही सैल होते. तिथे नुसत्या तारा घातल्या, कारण चालताना ते दोन हलावे लागतात. स्क्रूने जखडले तर पंजा फळीसारखा होतो.

सहा आठवड्यांनी तारा काढल्या. आठव्या आठवड्यात बूट चढवून म्हटलं, “मावशी, आता अर्धा भार टाका.”

“मागं पण मिनिटभरच म्हणाला होतात,” असं म्हणत त्यांनी सुनेचा खांदा धरला.