सीमा बंद झालेल्या गावातून

लाप्पेनरांता हे फिनलंडच्या आग्नेय टोकाला, सायमा सरोवराच्या काठी वसलेले सुमारे 73,000 वस्तीचे गाव आहे. हेलसिंकी आणि सेंट पीटर्सबर्ग येथून साधारण सारख्याच अंतरावर आहेत, आणि रशियाच्या हद्दीवरची नुइयामाची चौकी तर गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. कोविडपूर्वी शनिवार-रविवारी रशियन पाट्यांच्या गाड्यांनी येथल्या दुकानांची आवारे भरून जात आणि चीज, मासे, डिशवॉशरच्या गोळ्या यांची खोकी भरून त्या परत जात, असे शेजारी अजूनही रंगवून सांगतात. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले आणि हा ओघ आटला. नोव्हेंबर 2023 मध्ये, रशिया मुद्दाम निर्वासितांना सीमेकडे ढकलत असल्याचे कारण देऊन फिनलंडने पूर्वेकडच्या चौक्या एकामागून एक बंद केल्या, आणि पुढच्या एप्रिलपासून ती बंदी बेमुदत झाली. दुकानांवरच्या रशियन भाषेतल्या पाट्या काही ठिकाणी अजून तशाच आहेत.

घरून फोन आला की "तिथे युद्धाची भीती वाटत नाही का?" हा प्रश्न ठरलेला असतो. भीती म्हणावी असे येथे काही दिसत नाही, तयारी मात्र दिसते. आमच्या इमारतीच्या तळघरात जाड पोलादी दारामागे एक खोली आहे. एरवी तीत जाळीचे कप्पे करून लोकांनी स्कीज, सायकली आणि जुने टायर ठेवलेले असतात. संकटाच्या वेळी ती 72 तासांत रिकामी करून निवारा म्हणून वापरायची, असा नियम आहे. 56 लाख लोकांच्या या देशात असे सुमारे 50,500 निवारे असून त्यांत 48 लाख लोक मावतात. हेलसिंकीत तर खडक पोखरून बांधलेला एक सार्वजनिक जलतरण तलावच वेळ पडल्यास निवारा होतो. घरात तीन दिवस पुरेल एवढे पाणी आणि शिधा ठेवावा, ही सूचनाही कोणाला जगावेगळी वाटत नाही.

त्यामुळे नाटोबद्दलची येथली मते ऐकताना मला वैचारिक वादापेक्षा हिशेबच जास्त ऐकू येतो. रशियाशी असलेली सीमा 1,340 किलोमीटर लांब आहे. 2022 पूर्वी नाटोत जावे असे म्हणणारे वर्षानुवर्षे अल्पसंख्य होते, पण त्या वर्षीच्या मे महिन्यात संसदेत 188 विरुद्ध 8 मतांनी ठराव झाला आणि 4 एप्रिल 2023 रोजी फिनलंड नाटोचा सदस्य झाला. एवढ्या मोठ्या विषयावर एवढी एकवाक्यता मी आपल्याकडे क्रिकेटच्या संघनिवडीवरही पाहिलेली नाही. आता त्याच लोकांना अमेरिकेचा भरवसा किती धरावा, हा प्रश्न पडला आहे. मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टुब फ्लोरिडात जाऊन ट्रम्प यांच्याबरोबर गोल्फ खेळले, तेव्हा आमच्या कॉफीच्या टेबलावर काहींना हसू आवरले नाही, तर काहींनी "देशासाठी तेही करावे लागते" म्हणून त्यांची बाजू घेतली.

याच टेबलावर मला हमखास विचारले जाते की, तुमचा देश रशियाचे तेल का घेतो. तरुण सहकाऱ्यांचा सूर बहुधा जाब विचारण्याचा असतो. मार्च 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाचा निषेध करणारा ठराव 141 मतांनी संमत झाला, त्या वेळी तटस्थ राहिलेल्या 35 देशांत भारत होता, हे त्यांना पाठ आहे. माझी बाजू अनपेक्षितपणे घेतली ती प्रयोगशाळेतल्या, निवृत्तीला टेकलेल्या एका तंत्रज्ञ बाईंनी. त्यांची आई वीपुरीची, म्हणजे आज रशियात असलेल्या व्हिबोर्गची. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडचा कारेलिया हा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला, तेव्हा घरदार सोडून आलेल्या चार लाखांहून अधिक कारेलियन लोकांपैकी ती एक. अशा घरात वाढलेल्या बाईंना रशियाचा कळवळा असण्याचे काहीच कारण नाही. तरी त्यांनी तरुणांना आठवण करून दिली की 1948 साली फिनलंडनेही सोव्हिएत संघाशी मैत्री आणि परस्पर साहाय्याचा करार केला होता, केक्कोनेन यांनी 1956 पासून 1982 पर्यंत राष्ट्राध्यक्षपदी राहून तो जिवापाड सांभाळला, आणि या गावाची पोटपूजा सोव्हिएत संघाशी चालणाऱ्या व्यापारावरही होत असे. सोव्हिएत बाजार कोसळला तेव्हा नव्वदीच्या सुरुवातीला आलेली मंदी आणि बेरोजगारी त्यांनी भोगली आहे. "आम्ही करायचो तेव्हा त्याला शहाणपण म्हणत होतो," एवढे बोलून त्यांनी कप विसळायला घेतला.

भारताचा सोव्हिएत संघाशी करार ऑगस्ट 1971 चा, आणि बांगलादेश युद्धाच्या तोंडावर त्यामागेही हिशेबच होता. दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची आपली रीत युरोपीय वर्तमानपत्रांत अनेकदा संधिसाधूपणा म्हणून रंगवली जाते. मला तसे वाटत नाही. मात्र आपल्याकडचे काही लोक तिला थोर मुत्सद्देगिरी म्हणून मिरवतात तेही मला पटत नाही, कारण स्वस्त तेलाचा नफा आणि त्यापायी बसणारा फटका हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येत नाहीत. रशियन तेलाचे कारण पुढे करून अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा त्याची झळ तिरुपूरच्या शिलाई कामगारांना आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने घडवणाऱ्या कारागिरांना लागली. पेट्रोल पंपावरचा भाव त्यांच्यासाठी काही वेगळा नव्हता.

लाप्पेनरांताचेही तेच आहे. सीमा बंद करण्याचा निर्णय साऱ्या देशाने घेतला, त्याची किंमत मात्र पूर्वेकडच्या हॉटेलवाल्यांनी, दुकानदारांनी आणि रशियन लाकडावर चालणाऱ्या धंद्यांनी अधिक मोजली. या निर्णयाला विरोध करणारे येथे फारसे भेटत नाहीत, पण "हेलसिंकीवाल्यांना काय फरक पडला?" हे वाक्य न्हाव्याच्या दुकानात सहज ऐकू येते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कर खाते आदल्या वर्षीचे करपात्र उत्पन्न सार्वजनिक करते. त्या दिवशी कोणी किती कमावले याच्या याद्या वर्तमानपत्रांत झळकतात आणि मोबाइल खेळ बनवणाऱ्या सुपरसेल कंपनीचे संस्थापक वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांवर असतात. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी कामाला कोणाचेच लक्ष नसते. आपल्याकडे शेजाऱ्याच्या पगाराचा नुसता अंदाज बांधावा लागतो, येथे चौकशी केली की आकडा मिळतो. या उघडेपणाचे मला कौतुक आहे, पण वर्तमानपत्रे छापतात ती मोठ्या मिळकतवाल्यांची नावे, आणि सीमेवरचे दुकान बंद करून गाव सोडून गेलेल्या माणसाचे नाव त्यात कोणी शोधत नाही.

परदेशी माणसाचा हिशेब आणखी वेगळा आहे. जून 2025 पासून नोकरीच्या आधारावर मिळालेला निवासी परवाना नोकरी गेल्यावर तीन महिन्यांत, आणि तज्ज्ञ मानल्या जाणाऱ्यांच्या बाबतीत सहा महिन्यांत रद्द होऊ शकतो. येथल्या विद्यापीठात भारतातून, महाराष्ट्रातूनही, बरीच मुले भरपूर फी भरून येतात. कॉफीच्या टेबलावर नाटो आणि तेलाचा विषय निघाला की ती बहुधा गप्प बसतात, आणि बाहेर पडल्यावर मला विचारतात की कुठे जागा निघाली आहे का.