जुन्या टीव्ही गेमच्या डब्यात नवी कॅसेट

माळ्यावर पडलेला टीव्ही गेमचा डबा म्हणजे बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. कॅसेटचं ६० पिनांचं तोंड तेच, प्रोसेसरही ६५०२ च्याच घराण्यातला. म्हणून एनईएससाठी (फॅमिकॉमचं परदेशातलं रूप) आज लिहिले जाणारे नवे गेम त्यावर चालतात, ते कॅसेटमध्ये भरता येतात. सगळे नाही, हेही लक्षात ठेवा.

आधी डबा उघडून पाहा. ४० पायांच्या दोन मोठ्या चिप (यूएमसी ६५२७पी आणि ६५३८) दिसल्या तर उत्तम. नुसता काळा ठिपका दिसला तर सगळं एकाच चिपमध्ये आहे; तोही चालतो, पण भरवसा थोडा कमी. हा ५० हर्ट्झचा डबा युरोपातल्या एनईएससारखा नसून रशियातल्या 'डेंडी' या फॅमिकॉमच्या नकलेसारखा चालतो. ६० हर्ट्झसाठी लिहिलेला गेम इथे ५/६ वेगानं सरकतो आणि गाणंही रेंगाळतं. पैसे खर्चण्याआधी संगणकावर 'मेसेन' एम्युलेटरमध्ये (डब्याची नक्कल करणारा प्रोग्राम) रीजन 'डेंडी' करून खेळून घ्या.

पहिल्या कॅसेटसाठी एनरोम या सर्वांत साध्या प्रकारचाच गेम निवडा, म्हणजे जास्त मेमरी आलटून-पालटून दाखवणाऱ्या मॅपर चिपची कटकट नाही. २०१९ चा 'मायक्रो मेजेस' याच साच्यातला: प्रोग्रामला ३२ केबी, चित्रांना ८ केबी, बस. एवढ्याशा जागेत बनवणाऱ्यांनी जे बसवलंय ते पाहून मोठमोठ्या गेमचं कौतुक जरा कमी होतं.

अशा गेमची फाइल ४०,९७६ बाइटची असते. पहिले १६ बाइट हेडर (गेमची माहिती), ते कापून टाका. पुढचे ३२,७६८ प्रोग्राम, उरलेले ८,१९२ चित्रं. दोन वेगळ्या फाइल करा. हेडर तसंच राहिलं तर सगळा प्रोग्राम १६ बाइट पुढे सरकतो. सुरुवात कुठून करायची तो पत्ता शेवटच्या ६ बाइटांत असतो, तो प्रोसेसरला सापडत नाही आणि पडदा कोराच राहतो.

चिप म्हणून डब्ल्यू२७सी५१२ घ्या, दोन नग. ती प्रोग्रामरवरच (चिपमध्ये फाइल भरणारं यंत्र) पुसता येते. काचेच्या खिडकीवाली २७सी२५६ पुसायला यूव्ही दिवा लागतो. चंद्रपूरच्या उन्हात ठेवली तरी आठवडाभर वाट पाहावी लागेल. डब्ल्यू२७सी५१२ मध्ये ६४ केबी जागा असते, म्हणून प्रोग्राम दोनदा आणि चित्रं आठ वेळा, एकामागे एक भरा. मग वरच्या अॅड्रेस पिना कुठेही जोडलेल्या असल्या तरी फरक पडत नाही.

बाजारातल्या जुन्या कॅसेटमध्ये बहुधा काळा ठिपकाच निघतो, त्यात चिप बदलता येत नाही. ६० पिनांची एनरोम पाटी (सर्किट बोर्ड) बनवून घ्यावी लागते. जाडी १.२ मिमी सांगा, नेहमीची १.६ ची पाटी स्लॉटच्या पट्ट्या फाकवते आणि मग जुन्या कॅसेट लागत नाहीत. पाटीवर एच आणि व्ही (पडद्यांची आडवी आणि उभी मांडणी) असे झाळून जोडायचे दोन जोड असतात. चुकीचा जोडला तर गेम चालतो, पण पडदा सरकताना भलतेच तुकडे दिसतात. कुठला जोडायचा ते हेडरच्या सातव्या बाइटमध्ये असतं: शेवटचा बिट १ असेल तर निन्टेन्डोसारख्या पाटीवर एच, ० असेल तर व्ही.

बिघाड शोधणं सोपं आहे. गाणं वाजतंय आणि चित्रं विस्कटलीत, तर चित्रांच्या चिपचा एखादा पाय नीट झाळलेला नाही. काहीच नाही, तर प्रोग्रामची चिप पाहा. चित्र छान पण आवाज गायब, तर ४५ आणि ४६ नंबरच्या पिना कॅसेटमध्ये एकमेकींना जोडलेल्या नसतील. फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटमधून फिरून टीव्हीकडे जातो. आवाजाचा पोत मात्र एम्युलेटरपेक्षा वेगळा लागला तर कॅसेट उचकू नका. कित्येक नकली चिपमध्ये पल्स सुरांच्या (चौकोनी लहरींच्या) दोन ड्यूटी, २५ आणि ५० टक्के, अदलाबदल झालेल्या असतात, त्याला इलाज नाही.

आणि हे सगळं बरोबर असूनही गेम मधेच अडकत असेल, तर लाइनकडे पाहा. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरचंही पडतं, आणि आतल्या ७८०५ ला (५ व्होल्ट स्थिर देणारी चिप) साधारण ७ व्होल्टपेक्षा कमी मिळालं की पडद्यावर पट्टे धावतात. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा ९ व्होल्ट, १ अँपिअरचा एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा, ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगचा) अडॅप्टर लावा. फॅमिकॉमला मधली पिन ऋण लागते, नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात; म्हणून लावण्याआधी जुन्या अडॅप्टरची दिशा मल्टिमीटरनं तपासा.