व्हँकुव्हरमधले आठ गोल आणि आधीच रिकाम्या झालेल्या खुर्च्या

सामना संपायला बराच वेळ असताना केशरी-निळ्या जर्सीतले लोक उठून जिन्याकडे चालायला लागले, त्याचा राग मला अजून आहे. 11 ऑक्टोबर 2023, बुधवार. आमच्या एडमंटन ऑइलर्सचा नॅशनल हॉकी लीगच्या (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या) नव्या मोसमातला पहिलाच सामना, तोही परगावी, व्हँकुव्हरच्या रॉजर्स अरीनात. निकाल: व्हँकुव्हर कॅनक्स 8, ऑइलर्स 1. ब्रॉक बेसरने एकट्याने चार गोल केले. आपला एकमेव गोल लिओन ड्रायसायटलचा. अकराशे किलोमीटरवरून येऊन तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये उठून जाणं मला पटत नाही. असा सामना शेवटपर्यंत बघायचा असतो, कारण संघाचं काय बिघडलंय ते तेव्हाच उघडं पडतं.

आधी रस्ता. एडमंटन ते व्हँकुव्हर अंतर साधारण 1160 किलोमीटर. यलोहेड हायवेने म्हणजे 16 नंबरने हिंटन, जॅस्पर, मग डोंगर ओलांडून ब्रिटिश कोलंबियात. टेट जॉन कॅशपाशी 5 नंबरचा रस्ता धरायचा. व्हेलमाउंट, ब्लू रिव्हर, क्लिअरवॉटर, कॅमलूप्स, मेरिट, होप, आणि तिथून 1 नंबरने शहरात. मुक्काम कॅमलूप्सला करावा, तिथून पुढे साडेतीनशे किलोमीटरच उरतात. 1 ऑक्टोबरपासून ब्रिटिश कोलंबियातल्या या रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे असतात: टायरवर एम अँड एस किंवा डोंगर-हिमकणाची खूण हवी आणि खाच किमान 3.5 मिलिमीटर खोल हवी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एडमंटनमध्ये ऊन असतं म्हणून लोक उन्हाळी टायरवर निघतात. पण मेरिट आणि होपच्या मधल्या कोकिहाला घाटाचा माथा 1244 मीटरवर आहे, तिथलं हवामान एडमंटनच्या उन्हावर ठरत नाही. पेट्रोल हिंटनला आणि व्हेलमाउंटला भरून घ्यावं. व्हेलमाउंट ते क्लिअरवॉटर या पट्ट्यात पंप विरळ, मोबाइलची रेंज तुटक आणि अंधार पडला की रस्त्यावर मूस (मोठी हरणं). जॅस्पर राष्ट्रीय उद्यानातून न थांबता सरळ जाणाऱ्यांना प्रवेशपास लागत नाही. चहापाण्याला थांबलात तर लागतो. माउंट रॉबसनचं शिखर दिसलं तर दिसलं, बहुतेक वेळा ढगात असतं.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: विमानतळावरून कॅनडा लाइन मेट्रोने शहरात येताना तिकिटावर 5 डॉलर जास्तीचे लागतात.

आता अरीना. क्षमता 18,910. खालचे शंभर नंबरचे विभाग बर्फाला लागून, तीनशेचे वर. दूरच्या सामन्याला आलेला प्रत्येक जण काचेजवळची जागा मागतो आणि मला ते चुकीचं वाटतं. काचेजवळ आवाज मिळतो, धडका दिसतात, वेगाचा अंदाज येतो, पण खेळाची रचना दिसत नाही. पलीकडच्या कोपऱ्यातलं तर काहीच कळत नाही. रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. ती सगळी एका नजरेत हवी असेल तर गोलच्या मागे, वरच्या मजल्यावर बसावं. त्यातही बाजू निवडून. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये संघ एकाच बाजूचा गोल राखतात, दुसऱ्यात बाजू बदलते. आपला बचाव बघायचा असेल तर आपला गोलरक्षक ज्या टोकाला दोन पिरियड उभा राहणार त्या टोकाची तिकिटं घ्यावीत. बहुतेक लोक उलट करतात, आपले गोल जवळून बघायला मिळावेत म्हणून. त्या रात्री असं बसलेल्यांच्या वाट्याला फार काही आलं नाही.

खायला-प्यायला किंवा स्वच्छतागृहाला मध्यंतरात जाऊ नये, रांगेतच तिसरा पिरियड सुरू होतो. वीस मिनिटांच्या प्रत्येक पिरियडमध्ये टीव्हीच्या जाहिरातींसाठी तीन थांबे असतात: घड्याळात 14, 10 आणि 6 मिनिटांपेक्षा कमी उरली की त्यानंतरच्या पहिल्या शिट्टीला. यातला शेवटचा थांबा गाठला तर खेळ जवळपास न बुडवता काम होतं.

आता त्या वरच्या जागेवरून आठ-एक कसं दिसलं ते सांगतो, कारण बाहेर पडल्यावर जे ऐकू आलं त्याचा आणि आत जे घडलं त्याचा मेळ लागत नव्हता.

ऑइलर्सने त्या मोसमासाठी स्वतःच्या हद्दीतली बचावाची पद्धत बदलली होती. आधी प्रत्येकाने आपापला माणूस धरून फिरायचं, आता प्रत्येकाने आपापली जागा राखायची. कागदावर जागा राखणं सोपं वाटतं. दमछाक कमी होते आणि गोलसमोरचा भाग, ज्याला स्लॉट म्हणतात, भरलेला राहतो. पण यात एक नाजूक जागा आहे. पक (खेळाची रबरी चकती) गोलरेषेच्या मागे कोपऱ्यात गेला की त्याच्यावर कोणी जायचं आणि गोलसमोर कोणी थांबायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरायला हवं. एक बचावपटू कोपऱ्यात जातो, सेंटर म्हणजे मधला आघाडीवीर त्याच्या मदतीला खाली येतो, दुसऱ्या बचावपटूने गोलच्या तोंडाशी राहायचं. जुनी सवय अंगात असेल तर दुसराही पकच्या दिशेने दोन पावलं सरकतो. तेवढ्यानं स्लॉट रिकामा. विंगर, म्हणजे कडेचे आघाडीवीर, वर ब्लू लाइनवरच्या (हद्दीच्या सीमारेषेवरच्या) माणसांना झाकायला थांबलेले असतात, त्यांना परतायला वेळ लागतो. वरून बघताना पाचही जण पकच्या बाजूला गोळा झालेले आणि उलट्या बाजूला विरोधी खेळाडू एकटा काठी टेकवून उभा, हे चित्र त्या रात्री पुन्हा पुन्हा दिसत होतं. बेसरचं कामच गोलपुढे उभं राहायचं. अशा माणसासमोर ती जागा उघडी टाकली तर तो गोल करणारच.

दुसऱ्या पिरियडची गोष्ट वेगळी. बाजू बदलल्यामुळे बचाव करताना आपला बदली खेळाडूंचा बाक लांब पडतो. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, साधारण 40 ते 50 सेकंदांची असते. पक बाहेर काढता आला नाही तर तेच पाच जण मिनिटभर, त्याहून जास्त, अडकून पडतात. पाय जड झाले की काठी आधी पुढे येते आणि मग पेनल्टी लागते. मोसमाच्या सुरुवातीला हे जास्त होतं, कारण सरावसामन्यांत मुख्य खेळाडू मोजकेच खेळलेले असतात आणि अदलाबदलीचा मेळ बसलेला नसतो.

आता गोलरक्षक. जॅक कॅम्पबेलवर चार गोल झाले, मग त्याला काढून स्टुअर्ट स्किनरला आणलं, त्याच्यावरही चार झाले. दोन वेगळे गोलरक्षक, दोघांच्या खात्यात तेवढेच गोल. निदान इथे तरी लोकांनी थांबून विचार करायला हवा होता. पण जिन्यावर, बाहेरच्या फुटपाथवर, स्कायट्रेनच्या म्हणजे शहरी रेल्वेच्या फलाटावर, एकच नाव: कॅम्पबेल. पाच वर्षांचा 25 मिलियन डॉलरचा करार, त्याचा हिशोब प्रत्येकाच्या तोंडी.

गोल कोणाचा, हे ठरवायला मी तीन गोष्टी बघतो. फटक्याच्या आधी पक गोलसमोरची मधली रेषा ओलांडून एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेला का? गेला असेल तर गोलरक्षकाला पूर्ण सहा फूट सरकावं लागतं आणि तिथे दोष पास होऊ देणाऱ्यांचा जास्त. दुसरं, फटका वाटेत कोणाच्या काठीला लागून वळला का? वळला असेल तर त्या काठीवाल्याला मोकळं सोडणारा बचावपटू शोधावा. तिसरं, पहिला फटका अडवल्यावर रिबाऊंड, म्हणजे उसळून परत आलेला पक, कुठे पडला? छातीशी धरता येण्यासारखा पक समोर सोडला असेल तर तो गोलरक्षकाचा दोष. कॅम्पबेल निर्दोष नव्हता, तो पायांवर घट्ट वाटत नव्हता. पण आठही गोल त्याच्या आणि स्किनरच्या नावावर टाकून मोकळं होणं म्हणजे समोर घडलेलं न बघणं.

एडमंटनच्या चाहत्यांच्या चिडण्यामागचं कारण मला समजतं. आदल्या मोसमात ऑइलर्सचा पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना गोल करण्याचं प्रमाण, 32.4 टक्के होता, तोवरच्या लीगच्या इतिहासातला सर्वोत्तम. कॉनर मॅकडेव्हिडने 153 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवले होते. प्लेऑफमध्ये ज्या व्हेगासकडून हरलो त्यांनीच स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. यंदा आपला, असं शहरातला प्रत्येक जण धरून चालला होता. समोरचा कॅनक्स संघ सलग तीन मोसम प्लेऑफलाही पोचला नव्हता. त्यांनी आठ घालावेत हे पचण्यासारखं नव्हतंच.

व्हँकुव्हरच्या लोकांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. बेसरचा तिसरा गोल झाल्यावर प्रथेप्रमाणे बर्फावर टोप्यांचा पाऊस पडला, कर्मचारी त्या गोळा करेपर्यंत खेळ थांबला, आणि तेवढ्यात आसपासच्यांनी चिडवून घेतलं. त्यात विखार नव्हता. इतकी वर्षं वाट बघितलेल्या लोकांचा तो आनंद होता. या अरीनात पंजाबी चाहत्यांची संख्या मोठी आहे. हॉकी नाईटचं पंजाबी समालोचन 2008 पासून चालू आहे. देशी चेहरा परक्या संघाच्या जर्सीत दिसला की ते हटकून बोलतात, कुठून आलात, जेवलात का विचारतात. आठ-एकच्या रात्री हे विचारलं जाणं मला फार मोलाचं वाटतं. एडमंटनमध्ये परक्या चाहत्यांशी आपण इतके बरे वागतो का, याबद्दल मला खात्री नाही.

सामना सुटल्यावर स्टेडियम-चायनाटाउन स्टेशनवर सगळे एकदम धडकतात. तिकडे जाऊ नये. दहा-पंधरा मिनिटं चालून मेन स्ट्रीट-सायन्स वर्ल्ड गाठावं, नाहीतर कॅनडा लाइन हवी असेल तर येलटाउन-राउंडहाउस. चालताना डोकंही थोडं थंड होतं आणि ते त्या रात्री गरजेचं होतं.

कारण तोवर प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्टला काढा इथपर्यंत मजल गेली होती. ब्याऐंशी सामन्यांतला एक झालेला. आयपीएलमध्ये मोठा पराभव नेट रनरेटमधून पुढे दोन महिने छळतो, त्या सवयीने आपल्याकडची मंडळी सात गोलांचा फरक फार मनाला लावून घेतात. इथे तसं नाही. आठ-एक हरा की चार-तीन, विजयाला दोन गुण आणि निर्धारित वेळेतल्या पराभवाला शून्य. गुण समान झाले तर आधी निर्धारित वेळेतले विजय, मग इतर विजय, मग आपापसातले सामने बघतात. गोलफरकाची पाळी क्वचितच येते. म्हणून आकडा बघून घाबरू नये. घाबरायचं असेल तर स्लॉट रिकामा पडतोय का ते बघून घाबरावं.

आणि तो पुढेही रिकामा पडत राहिला. शनिवारी त्याच कॅनक्सने एडमंटनमध्ये येऊन 4-3 हरवलं. 6 नोव्हेंबरला पुन्हा व्हँकुव्हरमध्ये 6-2. दुसऱ्याच दिवशी कॅम्पबेलला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे कोणत्याही संघाला घेता येईल असं मोकळं केलं, आणि मग खालच्या लीगमध्ये पाठवलं. सॅन होजेसारख्या तळाच्या संघाकडून 3-2 हार झाली आणि 12 नोव्हेंबरला वुडक्रॉफ्ट गेला, क्रिस नोब्लॉक आला. बचावाची जबाबदारी सहायक प्रशिक्षक म्हणून आलेल्या पॉल कॉफीकडे गेली. गोलरक्षक तोच स्किनर, बचावपटूही जवळपास तेच, आणि डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीअखेर सलग 16 विजय. पिट्सबर्गच्या 1993 च्या विक्रमाला फक्त एक कमी. त्या ऑक्टोबरच्या फलाटावर स्किनरलाही निकालात काढणारे खूप होते.

ती रात्र पूर्ण विसरण्यासारखी होती असंही नाही. मोसमाअखेर व्हँकुव्हर 109 गुणांवर पॅसिफिक विभागात पहिलं आलं, एडमंटन 104 वर दुसरं. आपापसातले चारही सामने कॅनक्सने जिंकले होते. त्यातले दोन जरी आपण निर्धारित वेळेत जिंकले असते तर आपले 108 आणि त्यांचे 105 झाले असते. दुसऱ्या फेरीत हेच दोन संघ भेटले, मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, आणि 20 मे 2024 ला तो सामना, जास्त गुणवाल्या संघाच्या घरी होतो म्हणून, रॉजर्स अरीनातच खेळावा लागला. ऑइलर्सने तो 3-2 असा जिंकला. बेसर त्या दिवशी रक्तातल्या गुठळीमुळे खेळू शकला नव्हता, हे आपल्या चाहत्यांनी प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. घरचं मैदान मिळालं असतं तर एडमंटनच्या लोकांना त्या रात्रीसाठी पुन्हा कोकिहाला चढावा लागला नसता. मे महिन्यात निदान हिवाळी टायरची सक्ती तरी उठलेली असते.