रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुसरी डॉपलर सोडू नका (माझा अनुभव)

आईच्या पायाची पहिली डॉपलर (शिरांमधल्या रक्ताची सोनोग्राफी) अर्ध्या तासात झाली आणि दुसरी करून घ्यायला मला तीन दिवस लागले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

आई 67 वर्षांची, तासगावजवळ आमचा मळा आहे. ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत बांधावरून पाय घसरला, घोट्याला फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढलं तरी पोटरीची सूज काही जाईना, टेप लावून बघितलं तर दुसऱ्या पायापेक्षा 4 सेंटिमीटर जास्त. शेजारच्या काकूंनी तेल चोळायला सांगितलं आणि आईनं दोन दिवस चोळून घेतलं पण. हे अजिबात करू नका, आत रक्ताची गाठ असली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हाडाच्या डॉक्टरांनी पाय बघितल्याबघितल्या डी-डायमर (गाठीचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) आणि डॉपलर लिहून दिलं. डी-डायमर वाढलेलं आलं, पण फ्रॅक्चरनं आणि वयानं ते तसंही वाढतं, त्यावरून गाठ आहेच असं नाही म्हणाले.

पहिली डॉपलर नॉर्मल. पेढे आणायचेच बाकी होते. पण रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती, सुजेमुळे पोटरीच्या शिरा नीट दिसल्या नाहीत, आठवड्यानं परत तपासा. हाडाचे डॉक्टर पण म्हणाले, पुढच्या मंगळवारी करून घ्या.

मंगळवारी सकाळी सांगलीत त्याच सेंटरला गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आहे की, परत कशाला करताय?" मी तिला खालची ओळ दाखवली. तर म्हणे जुन्या चिठ्ठीवर होत नाही, नवीन आणा. हाडाचे डॉक्टर ऑपरेशनमध्ये, ओपीडी संध्याकाळी, तिथं नंबर लागून चिठ्ठी हातात पडेपर्यंत रात्रीचे आठ. बुधवारी चिठ्ठी घेऊन परत गेलो तर दोन तास बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की डॉपलर फक्त मोठे सर करतात, ते बाहेरगावी गेलेत, शुक्रवारी या. आई बाकावर माझ्या मांडीवर पाय टाकून बसलेली, पोटरी तकतकीत झालेली, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. मी म्हटलं अहो हा पाय तरी बघा, तर ती म्हणाली मी काय करू ताई. तिच्या हातात काही नव्हतं हे मला पण कळत होतं, पण सर नाहीत हे दोन तास आधी सांगता आलं असतं ना? आम्ही लगेच दुसरीकडं गेलो असतो.

रात्री पाय जास्तच ठणकायला लागला म्हणून एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "ताई, जांघेत आणि गुडघ्यामागं सोनोग्राफीनं दाबून बघायला पाच मिनिटं लागतात, मला येतं ते, पण इथल्या मशीनवर माझं नाव रजिस्टर नाही." सोनोग्राफीचं मशीन आणि ते वापरणारा डॉक्टर दोन्हीची नोंद लागते, गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळं. त्या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, म्हैसाळचं 2017 चं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण आपल्याच सांगली जिल्ह्यातलं. पण 67 वर्षांच्या बाईच्या गुडघ्यामागं बघायला पण तोच अडसर, याला काहीतरी वाट काढायलाच पाहिजे. त्यानं हाडाच्या डॉक्टरांना फोन केला आणि तपासणी होईपर्यंत म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटात दिलं. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

झोप येत नव्हती म्हणून मी मोबाईलवर वाचत बसले. 2008 साली इटलीत दोन हजारांवर पेशंटवर अभ्यास झालाय, एका गटात जांघ आणि गुडघ्यामागं अशा दोनच ठिकाणी दाबून बघणं, दुसऱ्यात सगळा पाय एकदाच बघणं, निकाल जवळजवळ सारखा. पण दोन ठिकाणी बघितलेल्यांचं डी-डायमर वाढलेलं असलं तर आठवड्यानं परत बघायचंच, हा त्यातला भागच होता. 2018 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सांगितलं की मांडीपासून घोट्यापर्यंत दर 2 सेंटिमीटरवर दाबत बघा, आणि पोटरी नीट दिसली नाही तर पाच ते सात दिवसांनी परत करा. म्हणजे ती बारीक ओळच रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची होती! युरोपात तर आता कॉम्प्युटर नर्सला दाखवतो प्रोब (मशीनचा अंगावर फिरवायचा भाग) कुठं ठेवायचा, कुठं दाबायचा, आणि चित्रं लांबच्या डॉक्टरकडं जातात, त्याच्या चाचण्या झाल्यात. तासगावात असं असतं तर आईच्या चार फेऱ्या वाचल्या असत्या.

गुरुवारी सकाळी मिरजेत एका ठिकाणी फोन करून, डॉक्टर आहेत का विचारून मगच निघालो. मॅडमनी मला स्क्रीन दाखवली. शेजारी शेजारी दोन काळे गोल, एक धमनी, एक शीर. गाठ नसली तर प्रोब दाबला की शीर डोळा मिटल्यासारखी मिटते. जांघेत मिटली, मांडीत मिटली. गुडघ्यामागं मॅडमनी दाबलं, परत दाबलं, गोल तसाच राहिला. पोटरीतली गाठ वर सरकली होती.

आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, निदान तीन महिने, सूज बरीच उतरलीय.

डॉपलरसाठी उपाशी राहावं लागत नाही, आईला उगाच सकाळपासून चहा पण दिला नव्हता. सैल परकर किंवा गाऊन घालून न्या. पहिला रिपोर्ट जवळ ठेवा आणि दुसऱ्या डॉपलरची चिठ्ठी पहिल्याच दिवशी तारीख घालून मागून घ्या. श्वास लागला, छातीत दुखलं तर डॉपलरची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलला. आणि हो, गोळ्या संपतील तेव्हा परत एकदा डॉपलर करून ठेवायची असते, पुढं कधी पाय सुजला तर जुनी गाठ कुठली आणि नवी कुठली ते कळायला. त्याची चिठ्ठी मी आत्ताच घेऊन ठेवलीय.