उरलेल्या सणाचे छोटे घास

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरी राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शेजारणीने आम्हाला संध्याकाळी घरी बोलावले आणि आदल्या दिवशीच्या जेवणात जे उरले होते तेच आमच्यापुढे ठेवले, तेव्हा मला मनातून वाईट वाटले होते. नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या घरी उरलेले अन्न कधीच टाकले गेले नाही. पोळ्यांचा कुस्करा होई, भाताला फोडणी मिळे, उरलेल्या वरणात कणीक भिजवून त्याच्या पुऱ्या लाटल्या जात. मात्र ते सगळे घरच्यांसाठी असे. पाहुणा आला की त्याच्यासाठी चूल नव्याने पेटलीच पाहिजे, हा नियम आईने आम्हाला कधी शब्दांत सांगितला नव्हता, कारण तो सांगण्याची गरजच नव्हती.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या या सणाचे जेवण मुळातच घरातल्या माणसांना संपणार नाही इतके रांधले जाते. टर्की, लोणी आणि दूध घालून घोटलेले बटाटे, पावाचे तुकडे, सेलरी व कांदा एकत्र भाजून केलेले स्टफिंग, रताळी, क्रॅनबेरी या आंबट लाल फळाचा सॉस. मी शाकाहारी असल्याचे शेजारणीला ठाऊक होते, म्हणून तिने थोडे स्टफिंग टर्कीच्या रश्श्याऐवजी भाज्या उकळून काढलेल्या पाण्यात वेगळे केले होते. त्या संध्याकाळी तिने चोवीस छोट्या खळग्यांचा मफिनचा साचा घेतला, प्रत्येक खळग्याला लोणी लावले, त्यात स्टफिंग अंगठ्याने दाबून वाटीसारखे बसवले, वर चमचाभर बटाटा ठेवला आणि ओव्हनमध्ये सुमारे दोनशे अंश सेल्सियसवर कडा तांबूस होईपर्यंत भाजले. बाहेर काढल्यावर प्रत्येकावर क्रॅनबेरीच्या सॉसचा एकेक थेंब. पेढ्याएवढा एकेक घास होता, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, आणि आदल्या दिवशी ताटात वेगवेगळ्या जागी असलेल्या तीन चवी त्यात एकाच वेळी जिभेवर येत होत्या. ते शिळे अन्न राहिले नव्हते, हे मला तिथेच मान्य करावे लागले.

नंतर मी हे स्वतः करून पाहिले, तेव्हा त्यामागची कारणे एकेक करून कळत गेली. घोटलेला बटाटा ताजा असताना त्याचा गोळा नीट वळता येत नाही. रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की त्यातला स्टार्च आणि लोणी दोन्ही घट्ट होतात आणि तो हाताला फारसा चिकटत नाही. म्हणजे या कामासाठी कालचा बटाटा आजच्यापेक्षा सरस ठरतो. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे साखरेबरोबर शिजवून थंड केलेला सॉस आपोआप जेलीसारखा जमतो आणि घासावरून ओघळत नाही. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक क्रॅनबेरी आमच्या विस्कॉन्सिनमध्येच पिकते, त्यामुळे इथे ती घरोघरी असते.

एका बाबतीत मात्र इथली शिस्त मी पूर्णपणे उचलली आहे. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाही, आणि हवेचे तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. उथळ भांड्यांत पसरून लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवायचे, तीन-चार दिवसांत संपवायचे आणि पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत, निदान चौऱ्याहत्तर अंशांपर्यंत, तापले पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात तो एक तासाचा नियम किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

२०२४ साली थँक्सगिव्हिंग २८ नोव्हेंबरला झाले आणि त्यानंतर लगेच मी नागपूरला आले. ७ डिसेंबरला चंपाषष्ठी होती. आमच्याकडे खंडोबाचे कुळाचार असल्याने चातुर्मासापासून वांगी आणि कांदा वर्ज्य असतो, तो नियम चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले जाड गोळे, यांच्या नैवेद्यानेच सुटतो. साहजिकच त्या दिवशी दोन्हींच्या बाबतीत हात सैल सुटतो आणि बरेच उरते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू आणि त्यांच्या सुना यायच्या होत्या. मी फ्रीजमधून रोडगे आणि भरीत बाहेर काढताच आई म्हणाली, "अगं, काय करून राहिली तू? कालचं उरलेलं कोणी पाहुण्यांपुढे ठेवतं का?"

मी तिला म्हटले, नैवेद्याचे अन्न आहे, आणि रूप बदलल्याशिवाय मी ते कोणाला देणार नाही. ती काही बोलली नाही, पण स्वयंपाकघरातून गेलीही नाही.

रोडगा दुसऱ्या दिवशी चांगलाच कडक होतो, आणि इथे तोच कडकपणा कामाला आला. धारदार सुरीने त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या कापल्या, दोन्ही बाजूंना तूप लावले आणि तव्यावर मंद आंचेवर इतका वेळ ठेवल्या की दाबल्यावर टणक लागाव्यात. भरताने जास्त त्रास दिला. आदल्या दिवशी त्यात कच्चा पातीचा कांदा घातलेला होता, त्याला पाणी सुटले होते आणि वासही उग्र झाला होता. ते तसेच चकतीवर ठेवले असते तर पाच मिनिटांत ती भिजून मऊ पडली असती. म्हणून कढईत थोड्या तेलावर लसूण आणि हिरवी मिरची परतून भरीत त्यात घातले आणि त्याचा गोळा कढईची बाजू सोडू लागेपर्यंत आटवले. कांद्याचा उग्रपणा त्यात गेला, भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास उरला.

क्रॅनबेरीच्या जागी काय घ्यायचे याचा मी विमानातच विचार केला होता. डिसेंबरात गोकुळपेठच्या बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. चार संत्र्यांचा रस काढून त्यात गुळाचा लहान खडा, चिमूटभर मीठ आणि एक ठेचलेली मिरची घालून तो मी उकळायला ठेवला. आई मागून पुढे आली आणि तिने रस गाळून पुन्हा भांड्यात ओतला. बिया आणि पांढऱ्या सालीचे तुकडे रसात उकळले की तो कडू होतो, हे ती जाणत होती, मी नव्हते. संत्र्याचा गाळलेला रस क्रॅनबेरीसारखा आपोआप जमत नाही, त्याला आटवावेच लागते. चमच्याच्या मागच्या बाजूला बोट ओढल्यावर रेघ टिकून राहिली, तेव्हा आईनेच गॅस बंद केला.

चकतीवर भरीत, त्यावर संत्र्याच्या पाकाचा थेंब आणि बारीक चिरलेला सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), अशी ताटली काकूंसमोर ठेवताना आईने आधीच सांगून टाकले की हे कालच्या रोडग्यांचे आहे. काकूंनी पहिला घास खाल्ला, मग दुसरा उचलला, आणि "यात गोड काय आहे गं?" असे विचारले. संत्र्याची कृती त्यांना आईने सांगितली, अगदी गाळण्यापासून.

२०२५ साली चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला आली आणि थँक्सगिव्हिंग २७ला. आदल्या दिवशी सकाळी मी इकडे उद्याच्या स्टफिंगसाठी पाव कापत होते, तेव्हा आईचा फोन आला. नैवेद्य झाला होता. "ऐक," ती म्हणाली, "कांदा घालायच्या आधीच दोन वाट्या भरीत बाजूला काढून ठेवलं आहे. उद्या काकू येणार आहेत."